मोठ्या ग्राफिक कार्डाला वीज कशी द्यावी: मीटरपासून कार्डाच्या पिनेपर्यंत

एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक कार्ड पूर्ण कामाला लागले की ५७५ वॅट खेचते. बारा व्होल्टवर हा करंट जवळपास ४८ अँपिअर होतो. दीड टनाचा एसी भिंतीतून सात-आठ अँपिअर घेतो आणि त्यासाठी आपण वेगळी जाड वायर ओढतो. इथे त्याच्या सहापट करंट एकमेकींपासून तीन मिलिमीटरवर बसवलेल्या सहा बारीक पिनांतून आत जातो आणि तशाच सहा पिनांतून परत येतो. त्यामुळे 'किती वॅटचा एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलणारा डबा) घेऊ' या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत मिळते, पण काम तिथे संपत नाही. मीटरपासून कार्डापर्यंतच्या वाटेत जे जे जोड आहेत, त्यांतला सर्वांत कच्चा जोड आधी तापतो. गोव्यात या वाटेवर दमट हवा, खारा वारा, वीज कडकडणे आणि जुन्या घरांतले वायरिंग हे सगळेच येते.

आधी वॅटचा हिशोब

कार्डाचा जाहीर आकडा घ्या. आरटीएक्स ५०७० चा २५० वॅट, ५०७० टीआयचा ३००, ५०८० चा ३६०, ४०९० चा ४५०. एएमडीकडे आरएक्स ९०७० एक्सटीचा ३०४ आणि ७९०० एक्सटीएक्सचा ३५५ वॅट. कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन (मूळपेक्षा जास्त वेगावर बसवून) आलेली मॉडेल्स यापेक्षा वीस-तीस वॅट जास्त घेतात, म्हणून नेमक्या मॉडेलचे पान उघडून पाहा.

प्रोसेसरच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा फसवतो. कोअर आय९-१४९००के वर १२५ वॅट लिहिलेले असते, प्रत्यक्षात तो टर्बोमध्ये (जास्त कामाच्या वेळच्या वाढीव वेगावर) २५३ वॅटपर्यंत जातो. रायझनच्या एएम५ सॉकेटवरच्या प्रोसेसरांना छापील आकड्याच्या १.३५ पट मुभा असते: १२० वॅटचा ९८००एक्स३डी १६२ पर्यंत, १७० वॅटचा ७९५०एक्स २३० पर्यंत. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि पंप यांचे मिळून ७५ ते १०० वॅट धरा.

आता बेरीज. ५०७० टीआय आणि ९८००एक्स३डी: ३०० + १६२ + ८० = ५४२. याला १.३ ने गुणले की ७०५ येतात, म्हणजे ७५० वॅटचा एसएमपीएस. ५०९० आणि १४९००के: ५७५ + २५३ + १०० = ९२८, गुणिले १.३ म्हणजे साधारण १२००. एनव्हिडिया ५०९० साठी १००० वॅट सांगते आणि शांत प्रोसेसर असेल तर ते पुरते. पण आय९ बरोबर रात्रभर रेंडर (थ्रीडी चित्र किंवा व्हिडिओ तयार करण्याचे जड काम) लावायचे असेल तर १२०० वर जा.

हा ३० टक्क्यांचा वाढावा क्षणिक उसळ्यांसाठी ठेवायचा असतो. कार्डाचा सरासरी वापर ३५० वॅट दिसत असला तरी काही मायक्रोसेकंदांसाठी तो दुपटीच्याही पुढे उडतो. जुन्या एसएमपीएसची सुरक्षा यंत्रणा या उडीला शॉर्ट सर्किट समजते आणि सगळे बंद करते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात १०० मायक्रोसेकंदांपर्यंत स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसण्याची अट घातली गेली, आणि ३.१ मध्येही ती आहे. म्हणून नवा घेताना एटीएक्स ३.१ च घ्या. हाताशी चांगल्या प्रतीचा जुना असेल तर तो फेकू नका, फक्त हिशोबापेक्षा एक पायरी वरचा हवा एवढे बघा.

एसएमपीएस निवडताना काय बघायचे

बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. ८५० वॅटच्या प्रामाणिक एसएमपीएसवर तिथे ७० अँपिअर असतात, कारण १२ गुणिले ७० म्हणजे ८४०. समोर मोठ्या अक्षरांत ८५० आणि रकान्यात ५५ अँपिअर असतील तर कार्डाला आणि प्रोसेसरला मिळून फक्त ६६० वॅट उपलब्ध आहेत. उरलेला आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या तारांवरचा, ज्याचा आजच्या कॉम्प्युटरला फारसा उपयोग नाही. दुकानात खोके उघडायला सांगून हा स्टिकर बघायला संकोच करू नका.

८० प्लस गोल्ड, ब्रॉन्झ ही चिन्हे फक्त वीज किती वाया जाते ते सांगतात. सुरक्षा किती चांगली, व्होल्टेज किती स्थिर, हे त्यातून कळत नाही. तरी उष्णतेच्या हिशोबाने गोल्डला अर्थ आहे. ६०० वॅटच्या भारावर ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून ७०६ वॅट घेतो आणि १०६ वॅट उष्णता बाहेर टाकतो. ९० टक्क्यांचा ६६७ घेतो आणि ६७ वॅट टाकतो. मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर असते, तेव्हा हा चाळीस वॅटचा फरक पंख्याच्या आवाजात आणि कपॅसिटरच्या आयुष्यात उतरतो. पूर्ण क्षमता किती तापमानाला मोजली आहे तेही पाहा: ४० अंशांपेक्षा ५० अंशांचा दावा असलेला इथल्या हवेला बरा. तेवढ्याच पैशांत साधा १००० वॅटचा आणि चांगला ८५० वॅटचा मिळत असेल आणि हिशोब ८५० मध्ये बसत असेल, तर ८५० चाच घ्या.

केबल आणि पिना

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. बाकीचे केबलने येतात. जुन्या पद्धतीच्या ८ पिनी कनेक्टरला १५० वॅटची मर्यादा आहे. त्यात १२ व्होल्टच्या तीन तारा, म्हणजे प्रत्येकीवर जेमतेम सव्वाचार अँपिअर. भरपूर राखीव ताकद असल्याने हा कनेक्टर सहसा त्रास देत नाही.

त्रास सुरू होतो तो एकाच केबलच्या शेवटी दोन ८ पिनी तोंडे असतात तेव्हा. दोन्ही तोंडे कार्डाला लावली की ३०० वॅट, म्हणजे २५ अँपिअर, त्याच तीन तारांतून जातात आणि प्रत्येकीवर ८.३ अँपिअर येतात. २२५ वॅटपर्यंतच्या कार्डाला हे चालून जाते. त्यापुढे प्रत्येक ८ पिनी जागेला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल ओढा. दुसरे तोंड मोकळे लोंबकळले तरी हरकत नाही.

१६ पिनी कनेक्टर, म्हणजे आधीचा १२व्हीएचपीडब्ल्यूआर आणि आताचा १२व्ही-२x६, ६०० वॅटपर्यंत देतो. सहा पिनांवर ५० अँपिअर, प्रत्येकीवर ८.३, आणि पिनेची सोसण्याची मर्यादा ९.५ अँपिअर. राखीव ताकद चौदाच टक्के. त्यात ४०९० आणि ५०९० कार्डांवर सहाही पिना आत शिरताच एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे कोणत्या पिनेवर किती भार आहे हे कार्डाला कळतच नाही. दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चार पिना ४८ अँपिअर वाहतात, म्हणजे बारा-बारा. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून त्या पिना सव्वादोन पट तापतात आणि प्लास्टिक मऊ होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० बाजारात आल्यापासून वितळलेल्या कनेक्टरचे जे फोटो जगभर फिरले त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांत कनेक्टर पूर्ण आत गेलेला नव्हता.

नव्या १२व्ही-२x६ मध्ये कार्डावरच्या सॉकेटमधल्या चार लहान सेन्स पिना (कार्डाला फक्त संकेत देणाऱ्या) आखूड केल्या आणि वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब. कनेक्टर अर्धवट बसला तर सेन्स पिना टेकत नाहीत आणि कार्ड वीज घेतच नाही. बदल सॉकेटमध्ये आहे, केबलमध्ये नाही. जुनी केबल नव्या सॉकेटला चालते. मात्र पिनांतला भार असमान वाटला जाण्यावर हा उपाय नव्हे, त्यामुळे नव्या कार्डालाही पुढची काळजी लागतेच.

कार्डाबरोबर तीन-चार ८ पिनी तोंडांचा अडॅप्टर येतो. तो वापरता येतो, पण चार नवे जोड वाढतात. एसएमपीएसमधून थेट निघणारी १६ पिनी केबल असेल तर तीच लावा. दुसऱ्या कंपनीच्या, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेच्या एसएमपीएसची केबल मात्र कधीही वापरू नका. कार्डाकडचे टोक सगळ्यांचे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेवर काय येते हे प्रत्येकाचे वेगळे. केबल बसते, कॉम्प्युटर सुरू करता क्षणी ग्राउंडच्या जागी बारा व्होल्ट जातात आणि कार्ड किंवा डिस्क मरते. उरलेल्या केबल पिशवीत घालून वर एसएमपीएसचे नाव लिहून ठेवा.

जोडण्याची पद्धत

१. भिंतीचा प्लग काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल.

२. टॉर्च घेऊन केबलच्या तोंडात बघा. बाराही धातूच्या नळ्या एकाच खोलीवर दिसल्या पाहिजेत. एखादी मागे सरकलेली असेल तर ती केबल बाजूला ठेवा.

३. कनेक्टर सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबा. कार्ड स्लॉटमध्ये बसवण्यापूर्वी टेबलावरच हे करून पाहिले तर किती जोर लागतो याचा अंदाज येतो. 'टक' आवाज येतो, पण काही कार्डांवर तो इतका बारीक असतो की पंखा चालू असेल तर ऐकू येत नाही. आवाजावर विसंबू नका.

४. टॉर्च आडवा धरून बाजूने बघा. कनेक्टरची कड आणि सॉकेट यांच्यात नख शिरेल एवढीही फट नको, आणि खिट्टी आकड्यावर पूर्ण चढलेली हवी. हलक्या हाताने ओढून खात्री करा.

५. कनेक्टरपासून ३५ मिलिमीटर केबल सरळ जाऊ द्या, वळण त्यानंतर. कॅबिनेटची काच केबलला दाबत असेल तर वळण थेट पिनांवर येते आणि एका बाजूच्या पिना सुटतात. म्हणून कॅबिनेट घेण्याआधीच कार्डाच्या उंचीत हे ३५ मिलिमीटर मिळवून रुंदी तपासा.

६. एसएमपीएसकडचे टोकही तितक्याच काळजीने बसवा. बहुतेक जण हे विसरतात, आणि वितळण्याचे प्रकार त्या टोकालाही होतात.

७. अर्धा तास जड खेळ किंवा रेंडर चालवून मग केबलला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा.

डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर सहाही पिवळ्या किंवा काळ्या तारा एकेक करून मोजा. ५०९० पूर्ण भारावर असेल तर सगळीकडे सात-आठ अँपिअर यायला हवेत. एकीवर दोन आणि दुसरीवर अकरा दिसले तर केबल बदला. इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, हे लक्षात ठेवा. आणि खात्रीसाठी रोज कनेक्टर काढून घालू नका. तो तीसच वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेला आहे.

भिंतीकडची बाजू

कॉम्प्युटरला ७५० वॅट लागत असतील तर भिंतीतून साधारण ८३० वॅट जातात. २३० व्होल्टवर ३.६ अँपिअर. मॉनिटर, स्पीकर धरून साडेचार. आकड्यात ६ अँपिअरचे सॉकेट पुरते, पण जुन्या सॉकेटच्या सैल पट्ट्या तासन्‌तास एवढा भार वाहायला योग्य नसतात. १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला मुख्य बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, ही व्यवस्था सर्वांत चांगली. एक्स्टेंशन बोर्ड टाळा. नाइलाज असेल तर आयएसआय चिन्हाचा, किमान १ चौरस मिलिमीटर तारेचा घ्या आणि एसएमपीएससोबत त्यात इस्त्री, हीटर काही लावू नका.

अर्थिंगकडे मात्र थांबून बघायला हवे. अनवाणी पायाने कॅबिनेटच्या स्क्रूला बोटाची पाठ लावली आणि मुंग्या आल्या, तर अर्थिंग नाही. प्रत्येक एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे दोन छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेले असेल तर त्यांतला किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे शंभर-एकशेपंधरा व्होल्ट, तरंगत राहतात. मग मॉनिटरची केबल लावताना बारीक ठिणगी पडते आणि कार्डाचे पोर्ट जाते.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मोजमापे घ्या. सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ८० किंवा १२० असे काहीतरी दाखवत असेल तर अर्थ तुटलेले आहे. चिऱ्याच्या भिंतींच्या जुन्या घरांत दोनच तारांचे वायरिंग असते आणि तीन पिनी सॉकेट नुसते दिसायला असते. तिथे सॉकेटमध्ये अर्थ न्यूट्रलला जोडून देण्याचा 'उपाय' कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या. न्यूट्रल सुटला की अख्खे कॅबिनेट जिवंत फेज होते आणि माणूस जाऊ शकतो. अर्थिंगचा खड्डा करून घ्या आणि अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत येतो का ते पाहा. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की तिचा रोध खूप वाढतो, म्हणून फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

दुसरा मोठा धोका न्यूट्रल तुटण्याचा. तारा माडांमधून गेलेल्या असतात, वाऱ्यात झावळी पडते, खांबावरचा न्यूट्रल तुटतो आणि घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात. एसएमपीएसच्या आतला मुख्य कपॅसिटर ४०० ते ४५० व्होल्ट डीसीचा असतो. ४०० व्होल्ट एसीचे शिखर ५६५ व्होल्टला जाते, म्हणून तो फुटतो. सर्ज प्रोटेक्टर इथे कामाचा नाही, कारण तो क्षणभराच्या उसळीसाठी असतो, मिनिटभर टिकणाऱ्या जास्त व्होल्टेजसाठी नाही. मुख्य बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. तो २७० च्या आसपास पुरवठा तोडतो आणि व्होल्टेज जागेवर आल्यावर ठरावीक वेळाने पुन्हा जोडतो. विजेच्या कडकडाटासाठी त्याच बोर्डात टाइप २ सर्ज प्रोटेक्टर हवा, आणि त्यालाही चांगले अर्थिंग लागतेच. स्टॅबिलायझरची मात्र गरज नाही. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतो. उलट स्टॅबिलायझरचा रिले टक-टक करताना पुरवठ्यात खंड पाडतो.

यूपीएस घ्यावा का

घेतला तर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो, आणि अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज लहरीच्या लयीत खेचणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस ती मिळताच बंद पडतात. व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॅट यांत गल्लत करू नका: १००० व्हीएचा यूपीएस बहुधा ६०० वॅटचाच असतो. वर भिंतीतून ८३० वॅट घेणाऱ्या कॉम्प्युटरला मॉनिटरसह किमान ९०० वॅट, म्हणजे १५०० व्हीए लागेल. २००० व्हीए असेल तर निवांत. लाइट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्या वेळात यूपीएसने भार उचलायला हवा. घरचा पंखे-दिव्यांचा इन्व्हर्टर या कामाचा नाही.

एवढा खर्च नको असेल तर दुसरा मार्ग आहे. आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमधून कार्डाची पॉवर लिमिट (जास्तीत जास्त वॅटची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. ५०९० तेव्हा ४६० वॅटवर थांबते, वेग काही टक्केच घटतो, आणि पिनांवरचा करंट आठवरून साडेसहाच्या खाली येतो. यूपीएस असो वा नसो, हे करून ठेवण्यासारखे आहे. आणि लाइट गेली की भिंतीचे बटण बंद करा, आल्यावर पाच मिनिटांनी चालू करा.

पावसाळ्यात

मेअखेरच्या वळवापासून परतीच्या पावसापर्यंत, आभाळ गडगडू लागले की प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही. इंटरनेटची फायबर वीज वाहत नाही, पण राउटरचा अडॅप्टर आणि तिथून येणारी लॅन केबल वाहते, तीही काढा.

कळंगुट, कोलवा, मिरामार अशा किनाऱ्यालगत खारट ओल पिनांवर पांढरट-हिरवट थर धरते, आणि थर म्हणजे रोध, रोध म्हणजे उष्णता. महिनाभर न वापरलेला कॉम्प्युटर थेट पूर्ण भारावर नेऊ नका. आधी तासभर साध्या कामावर चालू द्या, म्हणजे आतली ओल उडेल. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तो तापू द्या. थर दिसला तर न जळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळवा. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, आणि एसएमपीएसच्या हवेच्या भोकांवर बारीक जाळी हवी: उबेसाठी मुंग्या आणि पालीची पिल्ले आत शिरतात आणि ३८० व्होल्टच्या भागावर शॉर्ट करतात.

बिघाड कुठे आहे ते ओळखणे

खेळताना सगळे एकदम बंद झाले आणि मागचे बटण बंद-चालू केल्याशिवाय सुरू होत नाही: एसएमपीएसच्या सुरक्षेने तोडले. पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर ठेवून तोच खेळ पुन्हा चालवा. आता टिकला तर क्षणिक उसळ्या सोसत नाहीत, एसएमपीएस अपुरा किंवा म्हातारा आहे.

स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे पूर्ण वेगात, पण आवाज चालू: कार्डाची वीज क्षणभर तुटली. १६ पिनी कनेक्टर सर्वांत आधी बघा.

स्वतःहून रीस्टार्ट आणि विंडोजच्या नोंदीत कर्नल-पॉवर ४१: याचा अर्थ कॉम्प्युटर नीट बंद झाला नाही, एवढाच. त्यावरून एसएमपीएसला दोष देऊ नका. रॅम, प्रोसेसरचे ओव्हरक्लॉक आणि भिंतीतला पुरवठाही तपासा. याउलट खेळ बंद पडून डेस्कटॉप दिसतो आणि कॉम्प्युटर चालूच राहतो, तेव्हा बहुधा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा कार्डाचे ओव्हरक्लॉक कारणीभूत असते.

एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाच्या १६ पिनी जोडाचे व्होल्टेज दिसते. मोकळे असताना १२.१ आणि भारावर ११.९ असेल तर जोड निरोगी. भारावर ११.५ च्या खाली घसरत असेल तर मध्ये कुठेतरी रोध आहे. हा आकडा नवीन कार्डावर पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करता येते.

जळका वास आला तर आधी भिंतीचे बटण बंद करा, मग प्लग. कनेक्टरच्या एखाद्या खणाभोवती प्लास्टिक तपकिरी झाले असेल तर ते घासून पुन्हा लावू नका. केबलची दोन्ही टोके आणि कार्डाचे सॉकेट यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढा, बिले शोधून ठेवा, आणि वॉरंटीसाठी कार्डासोबत केबल आणि एसएमपीएसही द्या. तापलेल्या पिनेची पकड सैल झालेली असते, आणि तीच केबल नव्या कार्डाला लावली तर तेही त्याच खणात जळते.